घर आणि आगर : लहान ट्रॅक्टर कसा निवडावा, कसा वापरावा

रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाचकांचें पत्र ह्या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या घरचें वडिलोपार्जित आगर चार-पांच एकरांचें; खालीं पोफळी आणि माड, वर चढावर हापूसचीं कलमें, आणि त्याच्याही वर काजू व रायवळ झाडांचें रान. चार भावांपैकीं एक गांवीं राहून हें सर्व पाहतात. उरलेले तिघे नोकरीनिमित्त पुण्यास व मुंबईस असतात. गडी मिळत नाहीं, मिळाला तर मजुरी परवडत नाहीं, आणि रान तर दर पावसाळ्यागणिक घराकडे सरकत आहे. तेव्हां चौघांनीं मिळून एक लहान ट्रॅक्टर घ्यावा असें ठरत आलें आहे. ‘तो किती अश्वशक्तीचा घ्यावा?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे. असा प्रश्न पुसणारे ते एकटेच नव्हेत. म्हणून ह्या वेळचें हें पान आम्ही त्यालाच देत आहों.

आमचें उत्तर प्रथमच सांगून टाकतों. अश्वशक्तीचा आंकडा हा शेवटीं पाहावयाचा आंकडा आहे. त्यापूर्वीं तीन गोष्टी पाहावयाच्या असतात : आपल्या आगरांतील सर्वांत अरुंद वाट किती रुंद आहे, सर्वांत उभा उतार किती उभा आहे, आणि त्या यंत्रावर रोज बसणार कोण. ह्या तीन गोष्टी कळल्या म्हणजे चौथी ठरवावी लागते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे यंत्र कोठें न्यावयाचें नाहीं. हा प्रश्न विक्रेता आपण होऊन विचारील अशी अपेक्षा करूं नये. तो घरींच, सर्वांनीं एकत्र बसून विचारला पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल ह्या समजुतीनें शेतकरी त्यास हात लावावयास धजत नसत. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, नांगर गांवोगांव पोंचला आणि ती भीति ओसरली. आज अवस्था नेमकी उलट झाली आहे. यंत्राचें भय कोणासच उरलेलें नाहीं. उलट, दारांत यंत्र उभें राहिलें कीं सारीं दुःखें सरलीं असें आपण धरून चालतों. लोखंड जमिनीस विष होत नाहीं हें खरें. परंतु बेसावध माणसास तें अपाय करतें, आणि अविचारानें चालविलें तर जमिनीसही करतें. तेव्हां जुन्या माणसांची ती भीति अगदींच टाकून न देतां, तिचें सावधगिरींत रूपांतर करणें हेंच शहाणपणाचें होय.

प्रथम वाटेचा विचार करूं. कोंकणांतील घर बहुधा रस्त्यापासून आंत असतें. मध्यें जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, दोन्ही अंगांस गडगे, आणि अखेरीस बेडें. पाखाडीवरून ट्रॅक्टर जात नाहीं, ही साधी गोष्ट यंत्र घरीं आणण्याच्या दिवशीं ध्यानांत येऊन उपयोग नाहीं. रस्त्यापासून आगराच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत मोजपट्टी घेऊन एकदां चालावें, आणि जेथें दोन गडग्यांमधील, दोन झाडांमधील किंवा वळणावरील अंतर सर्वांत कमी असेल तेथें तें कागदावर टिपून ठेवावें. लहान ट्रॅक्टरची रुंदी साधारणपणें एक ते सव्वा मीटर असते. मागें लावलेलें अवजार कित्येकदां त्याहून रुंद असतें. दोन्ही बाजूंस हातभर जागा मोकळी राहिली तरच ती वाट यंत्राची समजावी.

हींच मोजपट्टी झाडांच्या ओळींतही न्यावी. शिफारशीप्रमाणें लावलेल्या बागेंत आंब्याचीं कलमें दहा-दहा मीटरांवर, काजू सात मीटरांवर, माड साडेसात मीटरांवर आणि पोफळी २.७ मीटरांवर असतात. आंबा, काजू व माड ह्यांमधून लहान यंत्र सहज फिरतें. मात्र कलमांच्या खालच्या फांद्या किती उंचीवर आहेत हें पाहावें लागतें. पोफळींत कागदावर जागा दिसते, परंतु प्रत्यक्षांत तेथें पाट असतात, आळीं असतात, मध्यें केळी आणि जायफळी असतात, खोडांवर मिरवेल चढलेला असतो. आणि आजोबा-पणजोबांनीं लाविलेलीं झाडें कोणत्याच शिफारशीच्या ओळींत नसतात. गोव्यांतील कुळागरांचीही हीच स्थिति आहे. अशा ठिकाणीं यंत्र नेऊंच नये. तेथें माणसाचा हात, कोयता आणि फार तर खांद्यावरचा ग्रास कटर हींच खरीं साधनें.

दुसरें माप उताराचें. त्यास कोणतेंही महागडें उपकरण लागत नाहीं. दहा फूट लांबीचा एक सरळ बांबू आणि गवंड्याची पाणसळ घ्यावी. बांबूचें एक टोंक चढाकडील जमिनीवर टेकवावें, दुसरें उताराकडे हवेंत धरून पाणसळीनें बांबू समपातळींत आणावा, आणि त्या टोंकापासून जमीन किती खालीं आहे तें मोजावें. एक फुटापर्यंत अंतर भरलें तर यंत्र कोणत्याही दिशेनें सावकाश नेण्यास हरकत नाहीं. एक ते दोन फूट भरलें तर आडवें कदापि जाऊं नये. सरळ वर, सरळ खालीं, एवढेंच. दोन फुटांहून अधिक भरलें तर ती जागा यंत्रासाठीं नव्हे असें समजून मोकळें व्हावें. हा नेम आम्हीं कुटुंबवत्सल माणसाच्या सावधगिरीनें सांगितला आहे; यंत्राच्या पुस्तिकेंत याहून कडक मर्यादा सांगितलेली असेल तर तीच पाळावी.

उतारावर आडवें जाण्यास इतका विरोध कां, तें सांगतों. आडव्या ट्रॅक्टरचा भार अगोदरच खालच्या चाकांवर कलंडलेला असतो. अशा वेळीं गवतांत लपलेला काजूचा खुंट वरच्या चाकाखालीं आला, किंवा घुशीचें बीळ खालच्या चाकाखालीं आलें, तर तेवढा कलही पुरा होतो. वेग असेल तर धोका आणखी वाढतो. कारण वेग दुप्पट झाला कीं वळणावर बाहेर लोटणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

आतां ह्या दोन मापांतील विरोध ध्यानीं घ्यावा. निवडीचें खरें कोडें तेथेंच आहे. अरुंद वाट म्हणते, यंत्र अरुंद असावें. उतार म्हणतो, दोन चाकांमधील अंतर जेवढें अधिक तेवढें बरें. कित्येक लहान ट्रॅक्टरांच्या मागील चाकांमधील अंतर कमी-अधिक करतां येतें. तरीही दोन्ही मागण्या एकाच वेळीं पुऱ्या होत नाहींत. खालच्या सपाट भागांत अरुंद करून चालविलेलें यंत्र तसेंच वरच्या चढावर नेणें म्हणजे संकटास आमंत्रण होय. ह्या कोड्याचें उत्तर यंत्रांत नाहीं, जमिनींत आहे. आगराचा साधा नकाशा काढून त्यावर यंत्राचे भाग आणि हाताचे भाग वेगळे रंगवावे. चार-पांच एकरांपैकीं दोन-अडीच एकरच यंत्राच्या वांट्यास आले तरी वाईट वाटून घेऊं नये. तेवढें काम यंत्रानें उरकलें म्हणजे उरलेल्या भागासाठीं माणसांचे हात मोकळे होतात. लाभ आहे तो हाच.

चढउताराच्या जमिनींत चारी चाकांना ओढ देणारा ट्रॅक्टर घ्यावा असें आम्ही आग्रहानें सांगतों. लोक समजतात कीं हें चढण्यासाठीं असतें. तसें तें आहेच. परंतु त्याचा अधिक मोठा उपयोग उतरतांना होतो. सामान्य ट्रॅक्टरचे ब्रेक मागील चाकांनाच असतात, आणि उतरतांना भार पुढें गेल्यामुळें नेमकीं मागचींच चाकें हलकीं होऊन घसरतात. चारी चाकें यंत्राशीं जोडलेलीं असलीं म्हणजे पुढचीं चाकेंही धरून ठेवतात. उतरण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा, आणि उतरतांना क्लच दाबूं नये. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें उतरणारा मनुष्य चार आण्यांसाठीं चार लाखांचा डाव लावतो. तसेंच, डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक शेतांत वळण्यासाठीं वेगळे असतात. रस्त्यावर व उतारावर ते दोन्ही खिटीनें एकत्र जोडल्याखेरीज चाक हलवूं नये. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर यंत्र गर्रकन् वळतें, आणि अनेक अपघातांचें मूळ तेथेंच असतें.

एवढें झाल्यावर अश्वशक्ति. बैलांची चांगली जोडी दिवसभर जें काम करते तें फार तर एका अश्वशक्तीच्या आसपास भरतें. म्हणजे पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हाही आपल्या आगरास लहान नव्हे. झाडांच्या आगरांत नांगरटीचें काम थोडें. मुख्य कामें तीन : गवत कापणें, वाहतूक करणें आणि फवारणी. गवत कापणीच्या स्लॅशरला रुंदीच्या दर फुटास सुमारें पांच अश्वशक्ति लागते असा ठोकताळा आहे. इंजिनाच्या शक्तीपैकीं कांहीं अंश मध्येंच खर्ची पडून उरलेली अवजारास मिळते, हेंही ध्यानांत ठेवावें. तीन फुटी स्लॅशरला अठरा-वीस, आणि चार फुटी स्लॅशरला चोवीस-पंचवीस अश्वशक्तीचें यंत्र पुरतें. महिंद्रांचा ‘युवराज २१५’ हा पंधरा अश्वशक्तीचा आणि कुबोटाचा ‘निओस्टार’ हा एकवीस अश्वशक्तीचा, चारी चाकें ओढणारा. हे ह्या वर्गांतील ट्रॅक्टर होत. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हा घाटावरच्या मोकळ्या काळ्या रानाचा धनी. तो आगरांत आणणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. त्याचें वजन दोन टनांच्या घरांत, तर लहानाचें पाऊण ते एक टन.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगणें आमचें कर्तव्य आहे. सर्वांनींच ट्रॅक्टर घ्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. नकाशा रंगविल्यावर यंत्राचा भाग एकरभरच उरत असेल, किंवा आगर पायऱ्यापायऱ्यांचें असेल, तर दोन ग्रास कटर आणि गरज पडेल तेव्हां भाड्याचें यंत्र हाच मार्ग बरा. भाताचीं खाचरें असतील तर पॉवर टिलरचा विचार करावा. वर्षांत आपलीं कोणतीं कामें किती दिवस चालतात याचा हिशेब कागदावर मांडावा. त्या दिवसांच्या भाड्याची बेरीज एकीकडे, आणि हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती व झीज यांची बेरीज दुसरीकडे ठेवली म्हणजे भावाभावांत वाद घालण्याची आवश्यकताच उरत नाहीं. दुरुस्तीचें केंद्र किती अंतरावर आहे आणि जून-जुलैंत तेथील कारागीर घरीं येतो कीं नाहीं, याचीही चौकशी आधींच करावी. ट्रॅक्टर आपल्याच चढावर चालवून दाखविल्याशिवाय पैसे देऊं नयेत. दसऱ्याचा मुहूर्त साधण्याच्या घाईंत ही परीक्षा टाळणारे बरेच. मुहूर्त दर वर्षीं येतो.

आतां वापराकडे वळूं. हॅरी फर्ग्युसन ह्या आयर्लंडमधील यंत्रज्ञानें १९२६ सालीं अवजार ट्रॅक्टरला जोडण्याच्या पद्धतीचें पेटंट मिळविलें, आणि तीच कल्पना परिणत होऊन आजची तीन बिंदूंची जोडणी झाली. त्यापूर्वीं नांगराचा फाळ दगडास किंवा मुळास अडकला कीं पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागें उलटत असे. तीन बिंदूंच्या जोडणीनें अवजाराचा तो ओढा पुढचीं चाकें दाबून धरण्याच्या कामीं लाविला. परंतु मनुष्य मोठा कल्पक! पडलेला ओंडका ओढावयाचा असला कीं तो साखळी वरच्या दांड्यास किंवा आंसास बांधतो, आणि फर्ग्युसननें मिटविलेला धोका पुन्हा उभा करतो. ओंडका कशांत अडकला तर ट्रॅक्टर दीड-दोन सेकंदांत मागें उलटतो. तेवढ्यांत उडी मारणें कोणासही साधत नाहीं. म्हणून ओढावयाची प्रत्येक वस्तु खालच्या ओढपट्टीसच बांधावी. ह्या नियमास अपवाद नाहीं.

ट्रॅक्टर उलटलाच तर चालकास वांचविणारी वस्तु म्हणजे त्याच्या पाठीमागें असणारी लोखंडी कमान. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर असें संरक्षण सक्तीचें केलें, आणि पुढील कांहीं दशकांत तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु जवळजवळ नाहींसे झाले. कमान असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे. कारण पट्ट्यावांचून मनुष्य बाहेर फेंकला जातो आणि त्याच कमानीखालीं सांपडतो. उलट, कमान नसलेल्या यंत्रावर पट्टा बांधूं नये. बागाईतदारांची तक्रार अशी कीं कमान फांद्यांना अडते, म्हणून ते ती दुमडून ठेवतात. आमचें म्हणणें, फांदी छाटावी; कमान दुमडूं नये. खरेदीच्या वेळीं ‘ही कमान नको, तेवढेच पैसे कमी होतील’ असें पुण्यामुंबईच्या भावांपैकीं कोणी म्हणत असेल तर त्यांनीं एवढाच विचार करावा कीं पैसा चौघांचा आहे, पण त्या आसनावर बसणारा जीव एकाचाच आहे.

यंत्राच्या मागील बाजूस अवजारास गति देणारा एक फिरता दांडा असतो. त्यास सर्वत्र पीटीओ म्हणतात. तो मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. त्याची जाडी पस्तीस मिलिमीटर धरली तर सेकंदास सुमारें एक मीटर कापड तो स्वतःभोंवतीं गुंडाळतो. पदराचें, उपरण्याचें, पंचाचें किंवा ओढणीचें टोंक त्यांत सांपडल्यावर ‘सोडवावें’ हा विचार मनांत येईपर्यंत काम आटोपलेलें असतें. म्हणून ह्या दांड्यावरील झांकण कधीं काढूं नये. फुटलें तर नवें आणल्याशिवाय यंत्र सुरू करूं नये. आणि यंत्र चालू असतां मोकळ्या वस्त्रांनीं किंवा मोकळ्या केसांनीं कोणीही जवळ जाऊं नये. चालकास हांक मारावयाची असल्यास पुढून, त्यास दिसेल अशा रीतीनें हात करावा. ही सूचना आमच्या वाचकभगिनींनीं विशेष मनावर घ्यावी. कारण दुपारचा चहा-पाणी घेऊन यंत्राजवळ जाण्याचा प्रसंग बहुधा त्यांच्यावरच येतो.

आणि मुलें! मे महिन्याच्या सुटींत घर भरतें, काका ट्रॅक्टर काढतात, आणि दोन्ही चाकांवरच्या मडगार्डांवर पुतणे-भाचे बसतात. हें दृश्य फार गोड दिसतें. पण आम्हीं तें पाहिलें कीं आमच्या जिवाचा थरकांप होतो. ट्रॅक्टरवर आसन एकच असतें, तें चालकाचें. मडगार्ड हें आसन नव्हे. त्यावरून घसरलेलें मूल थेट मागील चाकाखालीं जातें. काका कितीही प्रेमळ असोत, घरांतील वडील माणसांनीं ह्या बाबतींत निष्ठुर व्हावें. मुलांचा हट्ट रडून घटकाभरांत शमतो.

जमीन आणि झाडें यांच्या बाजूनेंही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोंकणांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जांभ्यावरील मातीचा थर बहुधा पातळ असतो. अशा चढावर रोटाव्हेटर फिरवून जमीन भुसभुशीत केली तर पहिल्या जोराच्या सरींत ती माती पऱ्ह्यांतून समुद्रास मिळते. म्हणून चढावर जमीन उकरूं नये. गवत कापावें आणि तें झाडांच्या बुंध्याशीं आच्छादन म्हणून पसरावें. माडाचीं कामकरी मुळें बुंध्यापासून साधारण दोन मीटरांच्या आंत व वरच्या थरांतच असतात. तेव्हां आळ्याच्या आंत चाक नेऊं नये, अवजार तर नाहींच. ओल्या जमिनींत यंत्राच्या वजनानें माती दाबली जाते व मुळांना हवा मिळत नाहीं. पाऊस उघडल्यावर जमीन वाळेपर्यंत वाट पाहावी. यंत्रानें नेहमीं ठरलेल्या मार्गानेंच जावें. सर्व आगर थोडें थोडें तुडविण्यापेक्षां दोन पट्टे पुरते तुडविलेले बरे. चाकोरींत चालणें हा माणसाचा दोष समजला जातो. ट्रॅक्टरचा तो गुण आहे.

‘यंत्रास वाट नाहीं, तेव्हां एवढें झाड काढून टाकूं,’ असा विचार कोणाच्या मनांत आल्यास त्यानें दोन गोष्टी स्मराव्या. एक, महाराष्ट्रांत वृक्षतोड नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे, आणि आंबा, फणस, साग, खैर यांसारखीं झाडें आपल्याच जमिनींत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. दुसरी गोष्ट कायद्याची नव्हे. यंत्राचें आयुष्य फार तर पंधरा-वीस वर्षांचें. फणसानें आपल्या चार पिढ्या पाहिलेल्या असतात. जो आधीं आला त्यानें उठावें कीं जो मागून आला त्यानें वळसा घालावा, याचा निर्णय करण्यास शास्त्रीबोवा नकोत.

माघ-फाल्गुनांत कोंकणांतलें गवत वाळून कोलीत होतें. ट्रॅक्टरच्या धुराड्याचा ताप, त्यांतून उडणारी ठिणगी, किंवा स्लॅशरचें पातें दगडावर आपटून निघालेली ठिणगी, यांपैकीं एकानेंही काजूचें रान पेटतें. म्हणून गवताची कापणी दिवाळीनंतर, तें अर्धवट हिरवें असतांच उरकावी, आणि गडग्यालगत रुंद पट्टा साफ ठेवावा. शेजारच्या कातळावरून आलेला वणवाही तेथें अडतो. उन्हाळ्यांत यंत्राबरोबर पाण्याचे दोन डबे आणि एक झोडपणें असावें, इंजिनाजवळ सांचलेलें वाळकें गवत रोज काढावें, आणि तापलेलें यंत्र गवतांत उभें करूं नये. तांबड्या धुळीमुळें हवेची गाळणी लवकर भरते. ती पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें साफ करावी. पावसाळ्यांत यंत्र पडून राहिलें कीं उंदीर तारा कुरतडतात व बॅटरी उतरते. आठवड्यांतून एकदां तें मोकळ्या हवेंत सुरू करून पाहावें.

अखेरीस घरांतला व्यवहार. ट्रॅक्टरची व ट्रेलरची नोंदणी परिवहन कार्यालयांत करावी लागते. रस्त्यावर आणण्यास चालकाजवळ परवाना आणि यंत्रास विमा लागतो. सातबारा सामाईक असेल आणि शासनाचें अनुदान घ्यावयाचें असेल, तर अर्ज कोणाच्या नांवें करावा आणि इतरांची संमति कशी द्यावी, हें महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरण्यापूर्वींच ठरवावें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत कृषि अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे. तेथें जाऊन सल्ला घेण्यास संकोच करूं नये. यंत्र शेजाऱ्यास द्यावयाचें कीं नाहीं, दिलें तर चालक आपलाच जाईल कीं नाहीं, हेंही आधींच लिहून ठेवावें. आणि एक नेम सर्वांत वर लिहावा : जो यंत्रावर बसतो त्यानें ‘ही जागा मला धोक्याची वाटते’ असें म्हटल्यावर त्याच्या शब्दापुढें कोणाचाही शब्द चालणार नाहीं, मग तो वयानें धाकटा असो, नात्यानें भाचा असो किंवा रोजावरचा गडी असो. दूर राहून उंटावरून शेळ्या हाकणें सोपें असतें. उतारावर बसलेल्या माणसास उतार कळतो.

आमच्या पत्रलेखक वाचकांना आतां त्यांच्या प्रश्नाचें उत्तर देतों. त्यांनीं पाठविलेल्या वर्णनावरून, खालचें पोफळीचें आगर हाताच्या कामासाठीं सोडून, माडांत व कलमांत चालेल असा अठरा ते चोवीस अश्वशक्तीचा, चारी चाकें ओढणारा, कमान असलेला अरुंद ट्रॅक्टर त्यांस योग्य होईल. त्याबरोबर तीन किंवा चार फुटी स्लॅशर, लहान ट्रेलर आणि फवारणीचा पंप, एवढीं अवजारें पुरेत. बाकीचीं गरज भासल्यावर घ्यावीं. परंतु आमचें हें उत्तरही बांबू, पाणसळ आणि मोजपट्टी यांच्या साक्षीवांचून खरें मानूं नये. चौघे भाऊ सणावारीं एकत्र येतील तेव्हां त्यांनीं एक सकाळ ह्या कामास द्यावी, आणि घरांतील स्त्रियांनाही बरोबर घ्यावें. पाणी कोठें सांचतें आणि पाय कोठें घसरतो हें त्यांस पुरुषांहून अधिक ठाऊक असतें.

पुढील महिन्यांत विहिरीवरील पंप आणि त्याची निगा यांविषयीं लिहिण्याचा विचार आहे. वाचकांनीं आपल्या विहिरीची खोली व पाण्याची उन्हाळी पातळी कळविल्यास त्या लेखास अधिक उपयुक्त करतां येईल.